एक्केचाळिसावं नाव

कुठल्याही कार्यक्रमाला गेल्यावर काशिनाथअप्पा घोंगडे लगेच खुर्चीत बसत नसत. आधी मधल्या वाटेनं थेट व्यासपीठापर्यंत चालत जात, तिथं वळत आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर नजर टाकत, ओठ हलवत परत येत. हातातली पेन्सिल प्रत्येक रांगेच्या कडेच्या खुर्चीला हलकेच टेकायची. दारापाशी पोचले की वहीत आकडा लिहायचे आणि मग मागच्या रांगेत बसायचे. नवख्या पाहुण्याला वाटे, हा मंडपवाला असावा आणि कार्यक्रम कधी संपतो याची वाट बघत असावा.

अप्पा एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. उभी नोकरी कळंबच्या आगारात झाली. निवृत्तीनंतर त्यांनी ‘आठवड्याची पेठ’ नावाचं चार पानी साप्ताहिक काढलं. बातम्या सगळ्या एकाच जातीच्या: नव्या दुकानाचं उद्घाटन, जुन्या दुकानाचं नव्या जागेत स्थलांतर, कुणाची कुठल्या तरी संघटनेवर निवड आणि त्या निवडीबद्दल सत्कार. छपाईला जाण्याआधी अंक माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात तपासायला यायचा. अप्पांचा मजकूर मला फारसा सुधारावा लागत नसे. विशेषणं त्यांना येतच नव्हती.

आमच्याकडे बातमीचा खरा वाचक शेवटचा परिच्छेद वाचतो, ज्यात ‘यावेळी उपस्थित होते’ अशी नावं असतात. बरेच वार्ताहर ही नावं आदल्या दिवशीच निमंत्रणपत्रिकेवरून उतरवून घेतात. माणूस आला न आला, छापील हजेरी लागलेली असते. अप्पांना हे मान्य नव्हतं. “सीटा मोजल्याबिगर घंटी न्हाय,” असं ते म्हणत. पत्रिकेवर नाव असूनही जो आला नाही, त्याच्याबद्दल ते सरळ लिहीत, ‘उद्घाटक आले नाहीत. फीत मालकांच्या आईनं कापली.’ उद्घाटक चिडायचे. पण पेठेतल्या भांडणात कोण कुठं होतं, कोण नव्हतं, यावर वाद झाला की लोक अप्पांचा अंक काढायचे. तिथं मिटायचं.

तीनेक वर्षांपूर्वी गावातल्या जुन्या व्यापारी मंडळाला आधुनिक व्हायचं सुचलं. दर बुधवारी सकाळी साडेसातला एका मंगल कार्यालयात नाष्ट्यासकट ‘बिझनेस नेटवर्किंग’ सुरू झालं. प्रत्येकानं उठून एका मिनिटात आपली ओळख करून द्यायची. ज्याच्या बारशाच्या घुगऱ्या निम्म्या सभागृहानं खाल्ल्या होत्या, तो भांड्यांचा व्यापारी हात जोडून आपलं नाव सांगायचा आणि आपला भांड्यांचा व्यवसाय असल्याचं जाहीर करायचा. एकाच घरात राहणाऱ्या दोन सख्ख्या भावांनी एकमेकांना व्हिजिटिंग कार्ड दिलेलं मी पाहिलं आहे. धाकट्यानं ते नीट वाचलंही.

“ह्यांना वळख करून द्यायला कशाला टाइम पायजे?” अप्पा मला म्हणाले. “इसरायला द्या म्हणावं.”

मंडळाचे नियम मात्र कडक होते. एका धंद्याला एकच जागा; वह्या-पुस्तकांची माझ्याकडे होती. सभासदांनी शक्यतो एकमेकांनाच काम द्यायचं. आणि जागा रिकामी असेल, तर पाहुणा म्हणून लागोपाठ तीन बैठकांना जो आधी येईल, त्याचा तिच्यावर पहिला हक्क.

खवा-दुधाची जागा रिकामी होती. ती मंगलताईंना हवी होती. शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका गावात त्यांची खव्याची भट्टी. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच चालवत. जवळजवळ सगळा माल एक दलाल उचलायचा आणि तो म्हणेल तो भाव. कळंबचा एकच मिठाईवाला तेवढा थेट त्यांच्याकडून घ्यायचा, आणि तो मंडळात होता. गावातले केटरर, मंगल कार्यालयांचे मालक, सगळे मंडळात. जागा मिळाली तर दलाल सुटणार होता. दुसऱ्या कुणाला मिळाली तर नियमानं तो एक मिठाईवालाही हातचा जाणार होता.

दुसरा उमेदवार होता अध्यक्षांचा मेव्हणा. अध्यक्ष सिमेंट-लोखंडाचे व्यापारी, गाव त्यांना शेठ म्हणतं. मेव्हण्यानं नुकतीच डेअरी उघडली होती. तो मंगलताईंच्या एक आठवडा मागून पाहुणा म्हणून यायला लागला.

मंगलताई पहिल्या दोन बैठकांना पहिल्या एस.टी.नं आल्या, मागच्या रांगेत बसल्या, आणि अप्पांच्या यादीत दोन्ही वेळा त्यांचं नाव आलं. तिसऱ्या बुधवारी त्या पेढ्यांचा डबा घेऊन आल्या आणि खुर्चीखुर्चीशी जाऊन त्यांनी प्रत्येकाला पेढा दिला. सहीचं रजिस्टर रांगेतून फिरलं तेव्हा त्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या आठवड्याच्या अंकात अप्पांनी लिहिलं, उपस्थिती चाळीस. खाली चाळीस नावं.

पुढच्या बैठकीत सचिवांनी जाहीर केलं की मंगलताईंची तिसरी बैठक भरली नाही. रजिस्टरमध्ये सही नाही, आणि अप्पांच्या यादीत नाव नाही. अप्पांच्या यादीपुढं कोण बोलणार? मेव्हण्याची तिसरी बैठक त्या दिवशी भरली होती. निर्णय पुढच्या बुधवारवर गेला.

त्याच दुपारी मंगलताई अंक घेऊन माझ्या दुकानात आल्या. अप्पा स्टुलावर बसले होते.

“अप्पा, माझं नाव न्हाय की ह्यात.”

“बाई, माझी मोजणी चुकत न्हाय,” अप्पा म्हणाले. “चाळीस म्हंजी चाळीस.”

“पेढा खाल्ला का तुमी?”

अप्पांनी चष्मा काढला. “खाल्ला.”

“कुणी दिला?”

“तुमीच.”

“मग मला कुठं बसवलंत?”

अप्पा चष्मा पुसत राहिले. मी उगाचच पेनांचे खोके सारखे करू लागलो. मंगलताईंना बसायला सांगावं हेही आम्हा दोघांना सुचलं नाही. त्या काउंटरपाशी उभ्याच राहिल्या आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

त्या गेल्यावर मी म्हणालो, “होतं असं, अप्पा. वय झालं. नजर चुकते.”

“नजर बरी हाय,” ते म्हणाले. “दिसली व्हती. मोजली न्हाय. हातात डबा बगितला आन् वाटलं, वाढणारीन हाय. दोन येळा पाहुनी म्हणून लिवलेली बाई, भाऊ!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणला. ‘मागच्या अंकात उपस्थिती चाळीस छापली. ती एक्केचाळीस होती. राहिलेलं नाव श्रीमती मंगल. त्या समोर होत्या. चूक माझी आहे.’ खाली सही. मी सुचवलं की हे चौथ्या पानावर, जाहिरातींच्या खाली चौकटीत घ्यावं. सगळीच वर्तमानपत्रं तसं करतात.

“नाव गाळलं पयल्या पानावर, आन् माफी चौथ्यावर?” अप्पा म्हणाले.

ते पहिल्याच पानावर छापलं गेलं. व्हायचं तेच झालं. त्या आठवड्यात सात जणांनी येऊन आपलंही नाव पूर्वी कधीतरी राहून गेल्याचं सांगितलं. त्यांतले एक ज्या दिवसाचं सांगत होते, त्या दिवशी ते सहकुटुंब तुळजापूरला होते हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. पण अप्पांचा अंक आता पुरावा राहिला नव्हता. भांडणात कुणी तो काढला की समोरचा हसायचा.

बुधवारी शेठनी तेच बोलून दाखवलं. “अप्पा, तुमच्या एकट्याच्या आठवणीवर जागा कशी देणार? आणि तुमची मोजणी चुकते हे आता तुम्हीच छापलंय.”

अप्पा उठले. मला वाटलं, निघाले. पण ते पहिल्या रांगेशी गेले आणि चालत्या गाडीत तिकीट विचारावं तसं कापड दुकानदाराला म्हणाले, “त्या बुधवारी पेढा घेतला व्हता का?”

“घेतला होता.”

“कुणी दिला?”

दुकानदारानं शेठकडे पाहिलं, मग पेढा आठवला असावा. “या ताईंनी.”

“फुडं.” अप्पा पुढच्या खुर्चीशी. “तुमाला?”

“ताईंनीच.”

सचिव विमा एजंट होते. ते म्हणाले, “आता एवढं कुठं आठवतंय, अप्पा.”

“तुमी दोन घेतले व्हते. एक कागदात गुंडाळून खिशात टाकला.”

सभागृह हसलं. “नातीसाठी,” सचिव म्हणाले.

“कुणी दिला?”

“यांनीच की.”

तिसऱ्या रांगेत मी होतो. मीही सांगितलं. त्यात काही शौर्य नव्हतं. माझ्याआधी आठ जणांनी सांगून झालं होतं, आणि मागचे दोन आठवडे मी त्यांच्याइतकाच गप्प होतो.

शेठ अजून नियमाला धरून होते. “माल द्यायला आलेला माणूस उपस्थित धरत नसतात.”

“मग शेठ, सिमेंट इकायला आलेला धरत्यात का?”

यावर हसावं की नाही, हे ठरवायला सभागृहाला वेळ लागला. तेवढ्यात मागून शेठच्या मेव्हण्याचाच आवाज आला, “दाजी, जाऊ द्या आता. पेढा म्या बी खाल्लाय.”

जागा मंगलताईंना मिळाली. पुढच्या बुधवारी त्या मिनिटभरासाठी उभ्या राहिल्या. “माझं नाव मंगल. वाशीकडं भट्टी हाय. खवा कसा असतोय ते तुमाला ठावं हाय.” आणि बसल्या. मंडळात पहिल्यांदाच कुणाचं मिनिट उरलं. आज त्यांच्या भट्टीवर चार बाया कामाला आहेत आणि दलालाला त्या चहा पाजून परत पाठवतात.

अप्पांनी मात्र महिन्याभरात साप्ताहिक बंद केलं. मी समजूत घालायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डबा दिसतोय आन् मानूस दिसत न्हाय, अशानं वही धरू न्हाय.” आता मंडळाच्या बातम्या सचिव मोबाइलवर पाठवतात. फोटो असतात, आणि खाली ‘व्यापारी बांधव मोठ्या संख्येनं उपस्थित होते’ एवढंच असतं. कुणाची तक्रार येत नाही.

पुढं गुडघे दुखायला लागले तेव्हा अप्पा परंड्याला लेकीकडे गेले. गेल्या थंडीत तिथंच वारले. कळंब सोडण्याआधी, नको नको म्हणत असताना, मंडळानं त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा, चौकटीतलं मानपत्र. शेठनी भाषणात सत्याची चाड, निर्भीड लेखणी असे शब्द वापरले, आणि एका भगिनीला तिची हक्काची जागा अप्पांमुळेच मिळाली, असं सांगून स्वतःच टाळ्या सुरू केल्या.

उत्तराला अप्पा उभे राहिले. फेटा सैल बसला होता, तो एका हातानं धरून ते बोलले.

“शेठ म्हणले, जागा माझ्यामुळं मिळाली. तसं न्हाय. जागा बाईचीच व्हती. गाडी लागली की लोक खिडकीतनं सीटावर रुमाल टाकत्यात, तसा तिच्यावर कुणीतरी रुमाल टाकला व्हता. म्या त्यो उचलला, एवढंच. आन् उचलून बगितला, तर त्यो माझाच निघाला.”