तिसऱ्या दिवसाचा अहवाल

पंगतीत मी तिसऱ्या पानापर्यंत पोचले होते. दोन पेल्यांत पाणी ओतून झालं होतं. तिसरा पेला भरायला वाकले आणि मागून सुमनताई आल्या. त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. व्हरांड्याच्या कडेला जास्वंद होती. तिच्या मुळाशी पाणी ओतलं. मग नळाखाली बसून तांब्या घासला. चांगला खसखसून घासला. भरलेले दोन पेलेही उचलून नेले.

परत येऊन मला म्हणाल्या, "तुम्ही पत्रावळी उचलायचं बघा. तुम्हाला सवय असेल."

पंगत शिक्षकांची होती. झाडून सगळे शिकलेले. पहिल्या पानावर पुण्याहून आलेले तज्ज्ञ सर बसले होते. त्याच सकाळी त्यांनी दीड तास सांगितलं होतं की मूल स्पर्शातून शिकतं, त्याला वस्तू हाताळू द्या. त्यांनी सगळं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. मग वाढणाऱ्याला विचारलं, "मठ्ठा आहे का?"

मठ्ठा होता.

ही गोष्ट नाशिकची. साल सत्तरच्या दशकाच्या मधलं. मे महिन्याच्या सुट्टीत शहरातल्या एका शाळेत जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांचं पाच दिवसांचं निवासी शिबिर होतं. मी इगतपुरीच्या बाजूला एका पाड्यावर एकशिक्षकी शाळा चालवत होते. वय तेवीस. आमच्या घरात पगाराच्या कागदावर सही करणारी मी पहिली. आप्पा रेल्वेत गँगमन, ते अंगठा द्यायचे.

शिबिराला मला बोलावलं ते माझ्या चिठ्ठ्यांमुळे. पाड्यावरच्या पोरांना पुस्तकातलं वाचता येत नव्हतं. कारण पुस्तकात त्यांचं काही नव्हतंच. म्हणून मी रोज सकाळी एकेकाला विचारायची, "काल काय झालं?" पोर जे सांगेल ते तसंच्या तसं पुठ्ठ्यावर लिहायची. मग तेच वाचायचं. पुठ्ठे आप्पा आणायचे. मालडब्यांवर लावायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या की फेकून देत, त्यांची मागची बाजू कोरी असायची. एक ठाकराची पोर होती. तिनं पहिल्या दिवशी सांगितलं, "काल आय लय रडली." मी लिहिलं. ती तो पुठ्ठा घरी घेऊन गेली. चार महिन्यांत ती आणि तिच्याबरोबरची दहा पोरं घडाघडा वाचायला लागली. माझा नियम एकच. काल जे झालं तेच लिहायचं. चांगलं करून नाही लिहायचं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं आणि वर कळवलं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी तज्ज्ञांसमोर नमुना पाठ असतो. तो पाठ मला दिला होता. पाठ पसंत पडला तर मी मार्गदर्शक म्हणून जिल्हाभर जाणार, आणि शिक्षकांसाठी निघणाऱ्या पुस्तिकेत माझी पद्धत छापून येणार. इगतपुरीच्या फलाटावर आप्पांनी मला गाडीत बसवलं. खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "लय मोठी सायेब लोकं हायती तिथं. नीट बोल. उगं तोंड करू नको."

शिबिरात पाच गट पाडले होते. गटांना नद्यांची नावं. आमचा गट दारणा. कामंही पाच: स्वच्छता, प्रार्थना, पाणी, अहवाल आणि सभागृह. रोज कामं बदलायची, म्हणजे प्रत्येक गटाला प्रत्येक काम. तक्ता दारावर लावला होता. पहिल्या दिवशी आमच्याकडे स्वच्छता होती. मी मुतारी धुतली, मैदान झाडलं. तेव्हा कुणी माझ्या हातातला झाडू काढून घेतला नाही.

सुमनताई शहरातल्या एका शाळेत होत्या. वयानं मोठ्या, सगळ्यांना हव्याहव्याशा. शिबिराच्या भांडाराचं, म्हणजे शिधा आणि भांड्यांचं, काम त्यांच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या शेजारी वळकटी उलगडताना गोड बोलून विचारत होत्या. गाव कुठलं? वडील काय करतात? घर रेल्वेच्या चाळीत की वेशीपलीकडे? लग्न झालं नाही म्हणता, मग आडनाव कुठलं? आडनाव विचारायला त्यांनी चार दारं ठोठावली. मी पहिल्याच दारात सांगितलं असतं. मला त्यात लपवायचं काही नव्हतं. आडनाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "अस्सं." आणि वळकटी जरा पलीकडे ओढून घेतली.

तिसरा दिवस पाण्याचा होता.

पंगत उठल्यावर मी शिबिरप्रमुखांकडे गेले. ते सुपारी कातरत बसले होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, आम्ही कुणी जात मानत नाही. पण जेवणाऱ्यांची अडचण होते, ती बघावी लागते. तुमचा पाठ परवा आहे. तुम्हाला पुढं जायचंय. एवढ्यातेवढ्यावरून मन छोटं करू नका."

मी म्हटलं, "बरं, सर."

तांब्या काढून घेतला ते सुमनताईंनी केलं. 'बरं, सर' हे मी केलं. इतकी वर्षं झाली, पहिली गोष्ट आठवली की राग येतो. दुसरी आठवली की मान खाली जाते. बाहेर आले आणि उरलेल्या पत्रावळी उचलल्या. सवय असेल म्हणाल्या होत्या ना. होती सवय. माझी आजी गावाच्या लग्नात हेच करायची. मी अध्यापक विद्यालयातून पहिली आले होते आणि उष्ट्या भाताचा वास माझ्या हाताला तसाच येत होता.

चौथ्या दिवशी आमच्या गटाकडे अहवाल होता. अशा शिबिरांत सकाळी प्रार्थना झाली की आदल्या दिवसाचा अहवाल वाचतात. मग अध्यक्ष विचारतात, "अहवालात काही दुरुस्ती?" कुणी काही बोलत नाही. टाळ्या वाजतात. अहवाल मंजूर. तो एका जाड वहीत राहतो आणि शेवटी वर पाठवतात. आमचे गटप्रमुख देवरे गुरुजी सटाण्याकडचे, साधा माणूस. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी वही मला दिली. मागच्या दोन दिवसांचे अहवाल दाखवून म्हणाले, याच धर्तीवर लिहा.

पहाटे उठून लिहायला बसले. धर्ती सोपी होती. मान्यवर, मौलिक, अनमोल, असं सगळं. भाषणाचं लिहिलं. गटचर्चेचं लिहिलं. जेवणापाशी आले. मागच्या अहवालात वाक्य होतं: 'सर्वांनी खेळीमेळीच्या वातावरणात सहभोजनाचा आनंद लुटला.' मी ते उतरवायला घेतलं. 'सर्वांनी' लिहिलं. 'खेळीमेळीच्या' लिहिलं. आणि हात थांबला.

पाड्यावर त्या पोरीला मी विचारलं होतं, काल काय झालं. तिनं खरं सांगितलं होतं. तिच्या आईला काय वाटेल, बाईंना काय वाटेल, याचा विचार तिनं केला नाही. उद्या मी तज्ज्ञांसमोर उभी राहून हेच शिकवणार होते, की झालं ते लिहायचं. आणि आज माझ्याच कालबद्दल माझ्याच हातानं खोटं लिहीत होते. मला फार लाज वाटली. पान काढलं आणि पुन्हा लिहिलं.

गुरुजींची सही लागायची म्हणून त्यांना दाखवलं. ते वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरला. घाबरले की ते घरची अहिराणी बोलायचे. हळू म्हणाले, "जाऊ द्या ना बाई. पाच दिवसनी गोष्ट शे." मी म्हटलं, "गुरुजी, यात काही खोटं आहे का?" ते म्हणाले, "खोटं नाही." पण सही केली नाही. दोन मुली आहेत, बदली परवडणार नाही, असं म्हणाले. मी एकटीच्या सहीनं वाचलं.

जे वाचलं ते हे: "दुपारी भोजन झाले. पाणी देण्याचे काम दारणा गटाकडे होते. गटातील एक शिक्षिका तिसऱ्या पानापर्यंत पोचल्या असता त्यांच्या हातून तांब्या काढून घेण्यात आला. त्यातील पाणी झाडाला घालण्यात आले. तांब्या राखेने घासण्यात आला. त्या शिक्षिकेस पत्रावळी उचलण्यास सांगण्यात आले, त्या तिने उचलल्या. ती शिक्षिका मी आहे. उपस्थितांपैकी कोणी काही बोलले नाही. मठ्ठा सर्वांना पुरला."

 अध्यक्षांच्या खुर्चीत पुण्याचे सर होते. त्यांना काय करावं कळेना. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहवालात काही दुरुस्ती?"

सुमनताई ताडकन उठल्या. लालबुंद झाल्या होत्या. "दुरुस्ती आहे! राख कुठली? माती होती ती. मी मातीनं घासला तांब्या!"

आपण काय बोललो ते त्यांना बसल्यावर कळलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. मला वाटलं, आता तरी कुणी उठेल. गुन्हा कबूल झाला होता, भर सभेत, आरोपीच्याच तोंडून. आता कुणीतरी म्हणेल, बाई, हे काय केलंत तुम्ही. पण ते हसू ताईंच्या फजितीचं होतं, दुसरं काही नव्हतं. हसून झाल्यावर सगळे मूग गिळून बसले.

शिबिरप्रमुख उठले. म्हणाले, हा भाग शिबिराच्या कामकाजाचा नाही, तो वगळावा. टाळ्या वाजल्या. अहवाल मंजूर. चहाच्या सुट्टीत त्यांनी माझ्यासमोर वहीतलं पान फाडलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. देवरे गुरुजींना नवीन पान लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं. खेळीमेळीच्या वातावरणात.

मला सांगितलं, "तुमची मनःस्थिती ठीक दिसत नाही. पाठ दुसरं कुणी घेईल. चिठ्ठ्या देऊन ठेवा." चिठ्ठ्या मी द्यायला नको होत्या. पण त्या आधीच टेबलावर मांडलेल्या होत्या.

पाचव्या दिवशी पाठ सुमनताईंनी घेतला. जवळच्या वस्तीतली पोरं आणून बसवली होती. मी शेवटच्या रांगेत. ताईंनी एका पोराला विचारलं, "काल काय झालं?"

पोरगं म्हणालं, "काल नळाला पानी नव्हतं. भांडणं झाली."

ताई हसून म्हणाल्या, "असं नाही हं बाळ. छानसं वाक्य सांग. काल आम्ही बागेत गेलो."

पोरगं गोंधळलं. मग म्हणालं, "काल आम्ही बागेत गेलो." ताईंनी ते माझ्या आप्पांच्या पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं. पुण्याच्या सरांनी पाठ अतिशय जिवंत झाला असं सांगितलं.

घरी गेले. आप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आप्पांना तरी कळेल. ते म्हणाले, "कशापायी वाचलं? हात दावून अवलक्षान. पान्याचं काय यवढं? मी तीस वर्सं लायनीवर माझा येगळा पान्याचा डबा घिऊन जातो. मेलो का?" आणि माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. सुमनताईंच्या मातीपेक्षा तो डबा मला जास्त लागला. त्याचं आप्पांनी मला कधी सांगितलंच नव्हतं.

पावसाळ्यात बदलीचा कागद आला. सुरगाण्याच्या पलीकडे. माझ्या पाड्यावर वर्षभर कुणी शिक्षक गेला नाही. ती ठाकराची पोर पुढं शाळेत राहिली नाही. पुढं पुस्तिका निघाली, मलाही एक प्रत आली. त्यात माझी पद्धत होती, माझं नाव नव्हतं. पान उघडलं तर पहिलं वाक्य: काल आम्ही बागेत गेलो. आजही नवीन शिक्षक हीच पुस्तिका वाचून शिकवतात. तिथं कुणाच्या बागा आहेत, देव जाणे.

दहा-बारा वर्षं गेली. आप्पा गेले. त्यांचा डबा मी ठेवला आहे. देवरे गुरुजी एकदा नाशिकच्या स्टँडवर दिसले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले. सुमनताई आता स्वतःच तज्ज्ञ झाल्या आहेत, शिबिरांत बोलतात. मी त्यांना दोष देऊन दमले. हे बदलेल असं मला वाटत नाही. खोटं कशाला सांगू, मला तसं कधीच वाटलं नाही.

या आठवड्यात कागद आला आहे. नाशिकला शिबिर आहे, पाच दिवस, निवासी. विषय: शाळा आणि समता. मार्गदर्शकांच्या यादीत पहिलं नाव सुमनताईंचं. आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, आजारपणाची रजा टाका, कशाला जाता पुन्हा?

जाणार आहे. पाण्याचा दिवस येईल तेव्हा तांब्या मी उचलणार आणि पहिल्या पानापासून वाढणार. हातातून काढून घेतला तर दुसरा उचलणार. अहवाल आमच्या गटाकडे असो की नसो, सकाळी मी उठून वाचणार. यंदा दोन प्रती काढणार आहे. एक फाडायला त्यांना देईन.

आणि कुणी विचारलं, अहवालात काही दुरुस्ती, तर मी उभीच असेन. सांगेन, नाही. एका अक्षराचीही नाही.