फूलबागेच्या दुकानातलं वाण

उत्तरेतलं आमचं मराठी संस्थान विलीन झालं आणि माझ्या सासऱ्यांची दरबारच्या कोठीतली नोकरी गेली. रडत बसण्याऐवजी त्यांनी किराण्याचं दुकान काढलं. आधी नया बाजारात, मग बाड्याजवळ, मग फूलबागेकडे. तिन्हीकडे माल एकच, आपल्या दक्षिणी, म्हणजे मराठी, घरांना लागणारा: आंबेमोहर तांदूळ, कोकम, गोडा मसाला, जाडे पोहे. पुण्याहून एकदम वॅगनभर मागवायचा, मधला अडत्या वगळायचा आणि कमी भावाने विकायचा. पाटीही त्यांनी ठसठशीत रंगवून घेतली: ‘दक्षिणी किराणा, बाजारात सर्वांत स्वस्त’.

गिऱ्हाईक मात्र येईना. हिंदी शेजाऱ्यांना कोकमाचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं, आणि आमची मराठी माणसं दुकानासमोरून मान खाली घालून जायची. तीच पुढच्या वळणावर चढ्या भावाने शिळा मसाला घ्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण कळलं एका बारशाला. शेजारी बसलेली वकिलाची बायको माझ्या कानाशी लागली. "बात अशी आहे, आता घरात गडीमाणसं राहिली नाहीत. पिशवी घेऊन आपणच जायचं, आणि ते पण ‘सर्वांत स्वस्त’ लिहिलेल्या दुकानात? कोणी देखलं तर क्या कहेगा? यांचं पण दिवाळं निघालं, म्हणेल!"

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आम्ही ती भर रस्त्यात उघडायला सांगत होतो. कोठीत जन्म घालवलेल्या सासऱ्यांना सगळे भाव तोंडपाठ होते. आपल्याच माणसांची लाज तेवढी त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

तेवढ्यात नवं राज्य झालं. राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या गेल्या, त्यांच्यामागे पुष्कळ मराठी घरंही गेली. एक दिवस जेवताना सासऱ्यांनी जाहीर केलं, "फूलबाग आणि बाडा बंद. नया बाजारचंही पुढे पाहू." माझे यजमान खालमानेने पोळी मोडत राहिले, त्यांना भोपाळला कारकुनी मिळत होती. मला जायचं नव्हतं. दुसऱ्याच्या फायली वाहण्यापेक्षा स्वतःचा तराजू धरलेला बरा, असं माझं मत होतं आणि मत पोटात ठेवायची मला सवय नाही.

"मामंजी, रथसप्तमीपर्यंत फूलबाग मला द्या, तोवर बाडाही चालू ठेवा," मी म्हणाले.

"काय करशील, सूनबाई?"

"पाटी उतरवीन. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू घरी न करता दुकानात करीन. वाण म्हणून गोड्या मसाल्याची पुडी."

ते ताटावरून उठलेच. "वाण लुटायचं असतं. त्याचा धंदा मांडणार तू?"

"लुटणारच आहे. पण त्या निमित्ताने उंबरा तर ओलांडतील! हळदीकुंकवाला जायची कुणाला लाज वाटत नाही."

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी शिडी घेऊन आले आणि पाटी स्वतःच्या हाताने उतरवली.

संक्रांतीला मी पोती भिंतीशी सारून सतरंज्या घातल्या. बायका आल्या, तिळगूळ झाला, पुड्या हुंगून झाल्या. मग मी सांगून टाकलं: दुपारी दोन ते चार दुकान फक्त बायकांचं. भाव एकच, घासाघीस नाही, आणि माल कोऱ्या कागदात, वर काही छापलेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दुपारी उंबऱ्याशी वहाणांना जागा पुरेना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ना, मग पीळ सांभाळून विकू, अशी शेखी मी यजमानांपुढे मिरवत होते.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी एका सरदार घराण्यातल्या बाई आल्या. एके काळी त्यांच्या मुदपाकखान्यात तांदळाच्या गाड्या रित्या व्हायच्या. कोठीतून त्या सासऱ्यांनीच पाठवलेल्या. बाकीच्या जाईपर्यंत त्या कोकमं चाचपत थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आंबेमोहर पावशेर मिळेल? सोमवार सोडायला. दर आठवड्याला तेवढाच नेईन. चालेल ना?"

मला स्वतःची शरम वाटली. इतके दिवस मी यांच्या ताठ्याला हसत होते, आणि यांच्या घरात खरोखरच तांदूळ नव्हता. "चालेल," मी म्हणाले आणि तराजू पुढे ओढला.

संध्याकाळी सासरे आले तेव्हा मी पुड्या बांधत होते. "उद्यापासून तिन्ही दुकानांत पावशेराच्या पुड्या ठेवायच्या," मी सांगितलं. "भाव मणाचाच लावायचा."

"पावशेर? पावशेर तांदूळ कोण नेतं?"

मी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. मग कोण आलं होतं ते न विचारता समोर बसले आणि मला दोरा तोडून देऊ लागले.