फोटोत माय बरी दिसली म्हणून

मी गाव सोडलं त्या सकाळी मला निरोप द्यायला घरात कोणी नव्हतं. माय आणि आमचे दादा, म्हणजे वडील, आदल्या दिवशीच ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला गेले होते. ट्रॉली हलली तेव्हा माय वरून ओरडली, "कुलूप ओढून बघ गं, आन पुन्याला पोचली की फोन कर." राणीसावरगावकडच्या आमच्या गावात दसरा झाला की अर्धी घरं अशीच बंद होतात. ती माणसं उसाकडे गेली, मी बी.ए.ची गुणपत्रिका पिशवीत घालून गंगाखेडला रेल्वेत बसले.

पुण्यात दिवसा एका ऑफिसात डेटा एन्ट्री करायची आणि संध्याकाळी अभ्यासिकेत बसायचं. तिथेच एका शिष्यवृत्तीची जाहिरात दिसली. परदेशात दोन वर्षं राज्यकारभाराचं शिक्षण, आणि ते कुणासाठी, तर 'लोकसेवेतल्या भावी नेतृत्वासाठी'. अर्जात पहिलाच प्रश्न होता, लोकांसाठी तुम्ही काय केलंत? मला हसूच आलं, कारण उत्तर तयार होतं.

गावाकडे जे आहेत त्यांना हे सांगायला नको, पण बाहेर पडलेल्यांना आठवण करून देते. घरकुलाच्या यादीची ग्रामसभा आमच्याकडे नेहमी पौषात व्हायची. पौषात आमची माणसं कुठे असतात, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मग यादी वाचायची, आमच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायचं आणि पुढच्या नावाकडे जायचं. कॉलेजात असताना मी अर्ज लिहिला की ग्रामसभा दसऱ्याच्या आत घ्या. मी फक्त लिहिला. तो कागद घेऊन चार दिवस घरोघर फिरली ती माय. कुणाची सही, कुणाचा अंगठा, असं करत तिने गल्लीतल्या सगळ्या बाया जमवल्या आणि ग्रामसेवक तारीख देईपर्यंत त्या पंचायतीच्या पायरीवरून उठल्या नाहीत. त्या वर्षी ग्रामसभा भादव्यात झाली आणि आमच्या गल्लीचं नाव पहिल्यांदा यादीत आलं.

हे सगळं मी निबंधात लिहिलं. अभ्यासिकेत अर्ज तपासून देणारे एक सर होते. त्यांनी तो परिच्छेद लाल पेनाने खोडला. म्हणाले, "फार कोरडं आहे. ग्रामसभेच्या तारखेवर कोण रडणार? आईच्या हातावरचे घट्टे लिही, उसाच्या फडावर राहता त्या पालातली थंडी लिही." मी म्हटलं, प्रश्न तर काय केलंत असा आहे. ते म्हणाले, "प्रश्न तसाच असतो, निवड अशी होते."

अर्जासोबत कुटुंबाचा एक फोटो द्यायचा होता. उन्हाळ्यात माय-दादा परत आले होते. मी फोनवर सांगितलं की परदेशातले लोक बघणार आहेत. झालं, मायने अंगण सारवलं, रांगोळी काढली, शेजारून दोन खुर्च्या आणल्या आणि चुलतबहिणीच्या लग्नातली हिरवी काठपदराची साडी नेसली. दादांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि फोटो निघेपर्यंत श्वास धरून बसले असावेत, असा चेहरा केला. फोटो बघून मला घरी पळत जावंसं वाटलं.

सरांनी फोटो बघितला आणि मान हलवली. "यात गरिबी दिसत नाही. दुसरा काढ. आई उसात, हातात कोयता."

आता खरं सांगते. मी मायला फोन केला. केला मी तो फोन, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

"कोयता घिऊन फोटो?" माय हसली. "मी काय देवी हाय का?" मी पुन्हा तेच सांगितलं तेव्हा तिला कळलं की मी चेष्टा करत नाही. मग तिचा आवाज बदलला. "उसात व्हते तवा कुनी फोटो काढाय आलं न्हाई. आन आता घरी बसून कोयता धरू? फोटोत मानसानं बरं दिसावं म्हनून तर काढत्यात. तुझ्या सायबाला रडकं तोंड पायजे आसंल तर त्याच्या घरचं काढ म्हनावं."

मी हिरव्या साडीचाच फोटो लावला, खोडलेला परिच्छेद पुन्हा लिहिला आणि सरांना न दाखवता अर्ज पाठवला. शिष्यवृत्ती गेली तर गेली, पुन्हा डेटा एन्ट्री होतीच. मुलाखतीत एका बाईंनी विचारलंच, "लहानपणीचा सर्वांत कठीण प्रसंग?" मी म्हटलं, ग्रामसेवकाकडून तारीख लेखी घेणं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

शिष्यवृत्ती मिळाली. आता मी इथे सेमिनारला जाते, मशीनमध्ये कपडे धुते, सकाळी ओट्स खाते आणि 'लोकसहभाग' या विषयावर असाइनमेंट लिहिते. मला वाटलं होतं, निदान ती एक लढाई आपण जिंकलो. मागच्या महिन्यात शिष्यवृत्तीची नवी पुस्तिका आली. त्यात माझं नाव, खाली 'भावी नेतृत्व', आणि बाजूला कुणा अनोळखी बाईचे मळकट हात नि कोयता. विकतचा फोटो! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी लगेच ईमेल लिहिला. उत्तर आलं की अशा चित्राने वाचक जोडला जातो. मी परत लिहिलं, माझ्या आईचा फोटो तुमच्याकडे आहे, तोच छापा. त्याचं उत्तर अजून यायचंय.

मायला व्हिडिओ कॉलवर ते पान दाखवलं. तिने निरखून बघितलं. "ह्या बाईनं कोयता कदी धरलाच न्हाई. आसा धरला तर पयल्याच दिशी बोट जाईल." मग विचारलं, "आपल्या ग्रामसभेचं काय लिवलंय?" मी म्हटलं, काही नाही. "मग छापलं काय?"

 ते 'भावी' मला अजून टोचतं. नेतृत्व आमच्या गल्लीत आधीपासून आहे, फक्त वर्षातले सहा महिने ते उसात असतं. इथे कुणी घर कुठे म्हणून विचारलं की पूर्वी मी नकाशा उघडून परभणी दाखवायचे. आता नुसतं सांगते: जिथे ग्रामसभा दसऱ्याच्या आत घ्यावी लागते, कारण नंतर आमची माणसं तिथे नसतात, ते माझं घर.