समासातलं प्रश्नचिन्ह

रशीद सर गेल्याचं त्यांच्या बायकोनं, आमच्या चाचींनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी जालन्यातल्या माझ्या वर्गाला बजावत होते, पुस्तकात पेन चालवायचा नाही, पेन्सिल घ्या. डोळे भरून आले आणि हसूही आलं... वाक्य सरांचंच होतं.

केदारखेड्याला सर आम्हाला इतिहास शिकवायचे. दहावीत मी नेमकी त्याच विषयात आपटले. वडिलांनी सांगून टाकलं, आता परीक्षेला आणखी एकदाच बसायचं. नाही जमलं तर शिक्षण बंद, स्थळं बघू. मी इतकी घाबरले, की पिवळ्या मार्करनं अख्खं पुस्तक रंगवून काढलं आणि मोठ्या ऐटीत सरांपुढे धरलं. सरांनी शांतपणे पानं चाळली.

"लग्न टाळायचंय तुला, अन् हळद पुस्तकाला लावून राह्यली?" ते म्हणाले. "सगळंच जरूरी असंल, तर मंग वाचलं काय तू, बेटा?"

मार्कर त्यांनी खिशात घातला आणि कानावरची स्वतःची पेन्सिल माझ्या हातात दिली. परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, मग समासात आपल्या शब्दांत एक ओळ लिहायची. अडलं तिथं प्रश्नचिन्ह. उत्तर सापडलं तरी ते खोडायचं नाही, शेजारी उत्तर लिहायचं. पुस्तक मिटलं की माझं डोकं कोरं व्हायचं, रडू यायचं. सुरुवातीला समासात नुसती प्रश्नचिन्हंच दाटली होती. हळूहळू त्यांच्या शेजारी ओळी येऊ लागल्या, आणि मी पास झाले. वडील पेढे घेऊन राजूरच्या गणपतीला निघाले, पण वाटेत आधी सरांच्या दारात थांबले.

निवृत्तीनंतर सर वर्तमानपत्राच्या समासांतही लिहायचे. रद्दी घालायची तर नवऱ्याची परवानगी लागते, म्हणून चाची कुरकुरायच्या. मध्यंतरी मी एका पुरवणीत लिहिलं होतं, 'सरांमुळे मी पास झाले.' कात्रण त्यांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं नाही, म्हणून मी चक्क फुगून बसले होते.

परवा भेटायला गेले, तर चाचींनी तेच कात्रण हातात ठेवलं. त्या वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती. समासात मोठं प्रश्नचिन्ह, आणि खाली सरांचं बारीक अक्षर: 'वाचलं कोणी?'

खोडायचं नाही, हा त्यांचाच नियम. पर्समधली पेन्सिल काढून मी शेजारी लिहिलं, 'मीच वाचलं, सर. पेन्सिल तुमची होती.'