कंपनीतला म्हसोबा

वर्षातून एकदा मी कंपनीत जाते. नोकरीला नाही, देवाला. चाकणच्या बाजूला आमच्या शिवारात जी पहिली कंपनी आली, ती आमच्याच बाजरीच्या वावरावर उभी आहे. वावराचा म्हसोबा कंपाउंडच्या आत राहिला. म्हणून चैत्रात गेटवर पास करून मला आत सोडतात. पासावर ‘कोणाला भेटायचे’ असा रकाना असतो. लातूरकडचा गार्ड दरवर्षी विचारतो आणि मी सांगते तेच निमूट लिहितो, म्हसोबा.

आत शिरलं की मला काहीतरी होतं बघा. शेडच्या उघड्या दारातून यंत्रांचे पिवळे हात दिसतात. वर जातात, खाली येतात, सगळे एका लयीत, आणि मला ती वाऱ्यावर डुलणारी कणसंच वाटतात. खाली काँक्रीट असतं, पण तळव्यांना ढेकळं लागतात.

यंदा दहीभात घेऊन गेले, तर देवापाशी ऑफिसातली एक मुलगी वही घेऊन उभी. कंपनी जुन्या खुणांचे फलक लावणार होती. पहिली शेड कुठली, पहिली गाडी कुठून बाहेर पडली, असं सगळं. पण सर्वांत आधीचा मान देवाचा. देव किती जुना, हे तिला माझ्याकडून हवं होतं.

इथंच माझी गोची झाली. कारण तो देव मीच आणून ठेवलेला.

सपाटीकरणाला डोजर लागले तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आपला देव बघून ये म्हणाल्या. गेले, तर बांध नाही, बाभूळ नाही, नुसता तांबडा मुरूम पसरलेला. दिवसभर शोधलं. आता कोणत्या तोंडानं घरी जाऊ? एक बरासा दगड उभा केला आणि पुडीतला शेंदूर लावला.

घरी त्यांनी विचारलं, “हाय का गं जागेवर?”

“हाय,” म्हटलं. त्यांनी कूस बदलली आणि किती दिवसांनी शांत झोपल्या. पुढं गावानं हात जोडले, कंपनीनं कठडा बांधून दिला. मी गप्पच.

पण सासूला धीर द्यायचा म्हणून बोललेलं वेगळं आणि फलकावर लिहिलेलं वेगळं. मुलीला सगळं सांगून टाकलं. तिचं पेन थांबलं. आता कठडा जातो आणि माझा पासही, असं वाटलं.

तिनं हळूच विचारलं, “मग आजी, इथं खरं काय होतं?”

“बाजरी.”

मग आम्ही दोघी चाललो. बांध इथून, बाभूळ तिथं, असं मी हवेत हात करून दाखवत गेले, थेट शेडच्या भिंतीपर्यंत. भिंत नसती तर पलीकडं विहिरीपर्यंत गेलो असतो.

परवा गार्डानं बाजारात गाठून मोबाइलवर फोटो दाखवला. फलकावर लिहिलंय, येथे बाजरीचे वावर होते. मागं कठड्यात दगड होता तसाच.

“मावशी, आता पासावर काय लिहू?”

म्हसोबाच लिही म्हटलं. इतकी वर्षं जेवू घातलंय मी त्याला.