बॅटरीचं पाणी

मलकापूरच्या पुढं डोंगरात आमची वाडी. विजेचे खांब पायथ्यालाच थांबलेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाडीनं मिळून समाजमंदिराच्या छपरावर सोलरच्या काचा बसवल्या, आतल्या खोलीत बॅटऱ्या मांडल्या आणि किल्ली माझ्या वडिलांकडं दिली. त्या खोलीत शिरताना ते चप्पल बाहेर काढायचे. मला हसू यायचं.

बॅटरीत घालायचं पाणी मी कोल्हापुरातून कॅन भरून आणायचो. वडिलांनी एकदा ते चाखलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, "मेलेलं पाणी हाय हे." त्यात क्षार नसतात, म्हणूनच ते बॅटरीला चालतं, हे मी त्यांना कधी धड सांगितलं नाही. पुढं नोकरी लागली, माझ्या फेऱ्या कमी झाल्या. एका खेपेला कॅन विसरलो आणि वैतागून म्हणालो, "स्वच्छ पाणी असलं की झालं."

वडिलांनी ते मनावर घेतलं. वाडीतलं सगळ्यात गोड पाणी डोंगरातल्या झऱ्याचं. ते कळशीनं आणून, फडक्यातून गाळून त्यांनी वर्षभर बॅटऱ्यांत घातलं. मला मोठ्या कौतुकानं सांगितलंही. मी बरं म्हणालो आणि विषय सोडून दिला. आळस, दुसरं काही नाही.

माझी विधवा आत्या आमच्याकडंच असायची. तिला दमा. धाप लागली की समाजमंदिरात नेऊन वाफेच्या मशीनवर बसवायचो. पावसाळ्यात एका सकाळी तिला धाप लागली तेव्हा मी घरीच होतो, तिला तिकडं नेलं. मशीन सुरू झालं आणि दोन मिनिटांत बंद पडलं. वडील बॅटऱ्यांच्या तारा हलवत राहिले. जीप मिळेपर्यंत तासभर गेला. मलकापूर यायच्या आत आत्या गेली.

तेराव्यानंतर मेकॅनिकनं बॅटऱ्या उघडल्या. क्षाराच्या पाण्यानं आतून खलास झाल्यात म्हणाला. मग बैठक बसली. हे पाणी घालायला कुणी सांगितलं, असं सरपंचांनी विचारलं. मी वडिलांच्या शेजारीच होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मीच वतलं. मला कुणी सांगितलं न्हवतं."

त्यांनी किल्ली पुढं ठेवली. मी तोंड उघडलं नाही. लोकांच्या नजरेची भीती वाटली, एवढंच.

घरी आल्यावर आईनं विचारलं, काय ठरलं. मी म्हणालो, चूक वडिलांची निघाली. वडील पलीकडं बसून ऐकत होते.