साडूची धाप

इस्त्रीवाल्याच्या आणि त्याच्या धाकट्या साडूच्या छातीत एकाच डॉक्टरांनी सारखाच पेसमेकर बसवला होता. तरी साडू हात हलवत तिसरा मजला चढायचा, आणि इस्त्रीवाल्याला पहिल्यालाच धाप लागायची. साडूचा तो तोरा बघून त्याच्या पोटात दुखायचं.

"त्या लेकाच्याला चांगलं यंत्र दिलंत!" तो डॉक्टरांवर उखडला.

"अहो, अंग हललं की यंत्र ठोके वाढवतं. तुम्ही जिना कसा चढता?"

"घडी मोडू नये म्हणून कपडे छातीशी धरून, अंग न हलवता."

"मग यंत्राला वाटतं, तुम्ही बसूनच आहात."

दुसऱ्या दिवशी त्याने कपड्यांची चळत साडूच्या हातांवर ठेवली. "घडी मोडली तर बघ!" असं बजावून तो हात झुलवत वर गेला, आणि कठड्याला टेकून साडूची धाप जिवाचा कान करून ऐकत राहिला.